मागावरचा माणूस

ठसा नेहमी आपल्या आणि सूर्याच्या मध्ये ठेवायचा. माग काढायला शिकताना सगळ्यात आधी हे अंगवळणी पडावं लागतं. सूर्य पाठीशी असला की जमीन सपाट, निर्जीव दिसते. तोच सूर्य समोर आणि खाली असला की टापेच्या खळग्यात सावली साचते, काठ उठून दिसतो, आणि दहा पावलं पुढचे ठसेसुद्धा रांगेत उभे असल्यासारखे डोळ्यांत भरतात. म्हणून सकाळचे पहिले दोन-तीन तास आणि ऊन कलल्यानंतरचे दोन-तीन तास मागाचे. भर दुपारी चांगला ठळक मागही दिसेनासा होतो. नवशिका नेमका तेव्हा घाईला येतो, पुढे-मागे येरझाऱ्या घालतो आणि शिल्लक राहिलेला शेवटचा ठसा स्वतःच्याच बुटाखाली तुडवतो. माग बहुतेक वेळा असाच हरवतो. पुढच्या माणसाने लपवला म्हणून हरवल्याची उदाहरणं त्या मानाने थोडी.

माग तुटला की शेवटच्या स्पष्ट ठशाशी काठी रोवायची किंवा दगड ठेवायचा. मग त्या खुणेपासून पन्नास-शंभर पावलं बाहेर जाऊन गोल फेरी मारायची. गेलेला माणूस किंवा घोडा ही फेरी कुठे ना कुठे ओलांडून गेलेला असणारच. तरी नाही सापडला, तर पुढे कुठे माती मऊ असेल याचा विचार करायचा. ओढ्याचा काठ, पायवाट, मुंग्यांच्या वारुळाभोवतीची भुसभुशीत जमीन असं काहीतरी. तिथे थेट जाऊन बघायचं. खडकावरून इंच-इंच सरकत बसण्यात दिवस जातो, आणि दिवस गेला की माग शिळा होतो.

ठसा किती जुना हे ठरवणं त्याहून अवघड. ताज्या ठशाचा काठ धारदार असतो, मग वाऱ्याने आणि उन्हाने त्यातली कणी-कणी माती आत गळत जाते. ठशावर दहिवराचे थेंब वाळल्याच्या बारीक खळ्या असतील तर तो पहाटेच्या आधीचा. रात्री फिरणाऱ्या किड्यांच्या नाजूक रेघा ठशाच्या आतून गेल्या असतील, तर तो काल संध्याकाळचा किंवा त्याआधीचा. रेघा ठशाखाली दबल्या असतील तर आज सकाळचा. लीद हातात घेऊन फोडायची: बाहेरून वाळलेली पण आतून ओलसर असली तर फार वेळ झालेला नाही. पण कोरड्या मुलुखात तासाभरात वाळणारी लीद पावसाळी हवेत दिवसभर ओली राहते. हवामान धरलं नाही की हिशेब साफ चुकतो. म्हणून परक्या प्रदेशात गेलेला जाणता माणूस आधी स्वतःच एक ठसा उमटवून ठेवतो आणि दर तासाला त्याच्याकडे बघून येतो. तिथली माती कशी म्हातारी होते, ते तिथेच शिकावं लागतं.

या विद्येत गेल्या दीडशे वर्षांत ज्यांची नावं झाली, त्यांत फ्रेडरिक रसेल बर्नहॅम हे नाव फार वर आहे. अमेरिकेच्या सीमेवर वाढलेला, आफ्रिकेत दोन-तीन युद्धांत टेहळणी केलेला, सोन्याच्या, तांब्याच्या, तेलाच्या मागे जगभर फिरलेला हा माणूस. उंची जेमतेम 5 फूट 4 इंच. इंग्रजी वाचकांनी त्याला धाडसी शिपाईगडी म्हणून डोक्यावर घेतलं. मला तो वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. टेहळ्याचं मोल तो किती शूर आहे यावर ठरत नाही. तो जाऊन, बघून, परत येऊन खरं सांगतो का, यावर ठरतं. बर्नहॅमचं आयुष्य या कसोटीवर लावलं की त्यातल्या गाजलेल्या घटनांचा क्रम पार बदलतो.

त्याचा जन्म 11 मे 1861 चा, मिनेसोटातला. वडील धर्मोपदेशक. 1862 साली डकोटा सू लोकांनी उठाव केला तेव्हा वडील दारूगोळा आणायला मॅन्केटोला गेलेले, आणि घरी आई आणि हे तान्हं पोर. हल्लेखोर येताना दिसले. पोराला कडेवर घेऊन पळणं शक्य नव्हतं. आईने त्याला नुकत्याच कापलेल्या हिरव्या मक्याच्या सुडीत लपवलं आणि ती एकटी पळाली. सुडी हिरवी होती म्हणून पेटली नाही. दुसऱ्या दिवशी ती परतली तेव्हा घराची राख झालेली आणि पोर सुडीत सुखरूप. आवाज न करता पडून राहण्याचा हा त्याचा पहिला धडा, असं पुढे सगळेच चरित्रकार हौसेने सांगतात. मला त्या आईचा निर्णय जास्त मोठा वाटतो. काय वाचवता येईल आणि कशाने, हे तिने काही क्षणांत ठरवलं.

पुढे कुटुंब लॉस एंजेलिसला गेलं, वडील वारले, आई धाकट्याला घेऊन पूर्वेकडे नातलगांकडे परतली. हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा मागेच राहिला आणि तार कंपनीत घोड्यावरून निरोप पोचवायची नोकरी करू लागला. म्हणजे सुरुवात निरोपापासूनच. ॲरिझोनात त्याला होम्स नावाचा एक म्हातारा टेहळ्या भेटला. त्याची सगळी माणसं सीमेवरच्या लढायांत गेली होती आणि मरण्याआधी आपल्याजवळचं ज्ञान कुणाला तरी द्यावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. होम्सकडून त्याने जे घेतलं त्यातलं बरंच मुळात अपाची लोकांचं होतं.

अपाची टोळी पाठलाग होतोय असं कळलं की दरीतून जात नसे, कड्याच्या धारेवरच्या खडकातून जाई. आणखी दाब वाढला की टोळी फुटे. वीस माणसांचे वीस माग, आणि सगळे पुन्हा जमणार आधी ठरलेल्या जागी, बहुधा पाण्यापाशी. पाठलाग करणाऱ्याने एकेका मागामागे जायचं ठरवलं की तो संपला. त्याने विचार करायचा तो पाण्याचा. या मुलुखात दोन दिवसांच्या अंतरात पाणी कुठे-कुठे आहे, त्यातलं कुठलं एवढ्या माणसांना पुरेल? कोरड्या नदीत वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे पुराने पात्र खोल कोरलेलं असतं, तिथे खणलं तर ओल लागते. संध्याकाळी कवडे एका दिशेने सरळ, खालून आणि वेगाने उडत असतील तर ते पाण्यावर चालले आहेत. पाणी पिऊन परतणारा कवडा जड असतो, झाडाझाडावर थांबत येतो. असल्या गोष्टींवर माणसं जगली आणि मेली.

बर्नहॅम तंबाखू आणि दारूपासून दूर राही. वास येण्याची ताकद शाबूत राहावी म्हणून. हे ऐकायला अतिरेकी वाटेल, पण त्यामागे साधं कारण आहे. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन उताराने खाली वाहते, अगदी पाण्यासारखी. दरीच्या वरच्या टोकाला कुणी शेकोटी विझवून झोपलं असेल, तर तिचा धूर आणि घोड्यांचा वास दरीच्या तोंडाशी उतरतो. तिथे बसून नाकाने कळतं की वर तळ आहे. दिवसा ऊन तापलं की हीच हवा उलटी, वर चढते. म्हणून दिवसा वरून आणि रात्री खालून हुंगायचं.

रात्री डोळे वापरायचीही रीत असते. ज्या वस्तूकडे बघायचं तिच्यावर थेट नजर रोखायची नाही, किंचित बाजूला बघायचं. डोळ्याच्या मध्यभागाला अंधारात दिसत नाही, कडेला दिसतं. उभ्याने बघण्यापेक्षा जमिनीला छाती लावून बघितलं तर समोरचा माणूस आभाळाच्या फिकट पट्टीवर काळा दिसतो. स्वतःची शेकोटी करायचीच तर दिवसाउजेडी, वाळक्या काटक्यांची, ओंजळीएवढी, आणि जेवण उरकून अंधार पडल्यावर तिथून निघून कोस-दोन कोसांवर आगीशिवाय झोपायचं. घोडा हा सगळ्यात मोठा धोका. दुसऱ्या घोड्याचा वास लागला की तो खिंकाळणार. कान टवकारून मान उचलली की त्याच्या नाकपुड्यांवर हात गेलाच पाहिजे. तो अर्धा क्षण चुकला म्हणून गस्तीच्या गस्ती सापडल्या आहेत.

1893 साली बर्नहॅम बायको ब्लांच आणि लहान मुलगा रॉडरिक यांना घेऊन दक्षिण आफ्रिकेत डर्बनला उतरला आणि छकड्यातून हजारेक मैल उत्तरेला निघाला. इथून त्याच्या गोष्टीत टेहळ्यासोबत भाडोत्री शिपाई शिरतो. आपल्याकडे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणाऱ्याला शिलेदार म्हणत आणि सरकारी घोड्यावर बसणाऱ्याला बारगीर. बर्नहॅम तसा शिलेदार. पण त्याचा पगार देणारा राजा नव्हता, कंपनी होती. सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने आजच्या झिंबाब्वेतल्या एन्डेबेले लोकांचा राजा लोबेंगुला याच्यावर चढाई करायला स्वयंसेवक गोळा केले, त्यांच्याशी झालेला करार आजही वाचण्यासारखा आहे: माणशी 6,000 एकरांहून अधिक जमीन, सोन्याचे 20 दावे, आणि लुटलेल्या गुरांचा निम्मा वाटा स्वयंसेवकांत. ज्या जमिनीवर कंपनीचा अजून पायही नव्हता, तिची वाटणी आधी कागदावर झाली. बर्नहॅमच्या कौशल्याचं कौतुक करताना हा कागद डोळ्यांआड करणं मला बरोबर वाटत नाही.

लोबेंगुला राजधानी जाळून उत्तरेला निघाला. मेजर फोर्ब्सची तुकडी त्याच्या मागावर. डिसेंबरच्या सुरुवातीला, ऐन पावसाळ्यात, ती शांगानी नदीच्या काठी पोचली. मेजर ॲलन विल्सन थोडी माणसं घेऊन पलीकडे गेला, राजाच्या तळापर्यंत पोचला आणि रात्र तिथेच काढली. त्या रात्री काही स्वार अंधारात चुकले. पाऊस, चिखल, मिट्ट काळोख. बर्नहॅमने सांगितलेली हकीकत अशी की तो गुडघ्यांवर बसून बोटांनी जमीन चाचपत गेला. ओल्या मातीत नालाची धार बोटाला लागते. पुढची कड खोल रुतलेली असते, त्यावरून दिशा कळते. असा माग हाताने वाचत त्याने माणसं शोधून आणली. मागाची विद्या म्हणजे तीक्ष्ण नजर, असा जो समज आहे तो इथे मोडतो.

पहाटेपर्यंत वेढा पडला. 4 डिसेंबर 1893 च्या सकाळी विल्सनने बर्नहॅम, पीट इन्ग्रॅम आणि गुडिंग नावाचा एक ऑस्ट्रेलियन शिपाई यांना फोर्ब्सकडे कुमक मागायला पाठवलं. तिघं वेढ्यातून निसटले, पाठलाग चुकवत नदीशी आले, तर शांगानीला पूर आलेला. ते पोहून पार झाले. पण पलीकडे फोर्ब्सच्या तुकडीवरच हल्ला चालू होता. कुमक जाणं शक्यच नव्हतं. मागे राहिलेले 34 जण शेवटच्या माणसापर्यंत मारले गेले.

मेलेल्यांची स्मारकं झाली. परत आलेल्या तिघांबद्दल मात्र पुढे कुजबुज सुरू झाली की ते पाठवले गेले नव्हते, पळाले होते. टेहळ्याच्या वाट्याला हे येतंच. निरोप्या पोचला आणि मदत गेली तर तो वीर, निरोप्या पोचला आणि मदत जाऊ शकली नाही तर तो जिवंत का, असा प्रश्न. पण पूर आलेली नदी पोहून, वाईट बातमी घेऊन, स्वतः लढाईत सापडलेल्या सेनापतीपुढे उभं राहणं, हे त्याचं कामच होतं.

त्या लढाईमागची आणखी एक गोष्ट याहून हलवून टाकणारी आहे. लोबेंगुलाने थोडे दिवस आधी तहाचा निरोप पाठवला होता, सोबत सुमारे 1,000 पौंडांची सोन्याची नाणी. तो निरोप चढाईवर आलेल्या फौजेतल्याच दोन शिपायांच्या हाती पडला. त्यांनी नाणी ठेवून घेतली आणि निरोप दाबला. फोर्ब्सला, विल्सनला काहीच कळलं नाही. पुढे त्या दोघांना शिक्षा सुनावली गेली, पण तोवर नदीपलीकडे जे व्हायचं ते होऊन गेलेलं. शांगानीचं रक्त सांडण्यात शौर्याचा जेवढा वाटा आहे, त्याहून मोठा वाटा न पोचलेल्या या निरोपाचा आहे.

1896 ला एन्डेबेले पुन्हा उठले. बुलवायोला वेढा पडला, अन्न संपत आलं, आणि बर्नहॅमची लहानगी मुलगी नाडा त्या मे महिन्यात तापाने आणि उपासमारीने गेली. जून महिन्यात बर्नहॅम आणि बोनार आर्मस्ट्राँग नावाचा अधिकारी माटोबोच्या डोंगरात एका गुहेत शिरले आणि बंडाला चिथावणारा धर्मगुरू, म्हणजे ‘म्लिमो’, समजून त्यांनी एका पुजाऱ्याला गोळी घातली. इंग्रजी वर्तमानपत्रांनी हीच त्याची सर्वात मोठी कामगिरी ठरवली. माझ्या लेखी ती सर्वात खालची. मारलेला माणूस खरंच बंडामागचा म्हणावा असा होता का, यावर तेव्हाच वाद सुरू झाला. आणि त्या गोळीने युद्ध थांबलंही नाही. ते थांबण्याची वाट उघडली ती ऑगस्टमध्ये, ऱ्होड्स हत्याराशिवाय त्याच डोंगरात जाऊन एन्डेबेले सरदारांसमोर बसला तेव्हा.

त्याच डोंगरात, त्याच जूनमध्ये बर्नहॅमची गाठ रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश अधिकाऱ्याशी पडली. दोघं बरोबर टेहळणीला गेले. खडकाळ डोंगररांगांतून घोडे चालवताना बर्नहॅमने त्याला अमेरिकन सीमेवरचे धडे दिले. रुंद कडांची हॅट आणि गळ्यातला रुमाल हा बर्नहॅमचा नेहमीचा वेश. पुढे 1907-08 मध्ये बेडन-पॉवेलने मुलांची स्काउट चळवळ उभी केली तेव्हा हॅट, रुमाल आणि माग वाचायचे खेळ त्यात आले. महाराष्ट्रातल्या शाळांत ती ‘बालवीर’ म्हणून पोचली. स्काउटच्या तासाला गळ्यात स्कार्फ बांधून, जमिनीवर खडूने काढलेल्या बाणांच्या मागे धावणाऱ्या पोरांच्या खेळात त्या अपाची वाटांचा अंश आहे. शिकवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तो ठाऊक असतो.

तशी आपली स्वतःची परंपराही होतीच. दख्खनच्या गावांत चोरी झाली की गावच्या जागल्याने, रामोशाने माग काढत शिवेपर्यंत जायचं आणि पुढच्या गावाच्या जागल्याच्या हाती तो माग सोपवायचा. पुढच्याने घेतला नाही, किंवा त्याच्या हद्दीत माग विरला, तर भरपाई त्याच्या माथी. माग ही अशी हातातून हाती देण्याची जबाबदारी होती. आणि 1679 साली जालन्याची लूट घेऊन परतताना मोगल फौजांनी वाटा रोखल्या, तेव्हा बहिर्जी नाईकांनी तीन दिवस-रात्री आडवाटेने चालवून शिवाजी महाराजांना फौजेसह पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं. लढाई चुकवणं ही त्या कामगिरीची थोरवी. पट्ट्याला म्हणूनच विश्रामगड म्हणतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअरांचं ब्रिटिशांशी युद्ध सुरू झालं तेव्हा बर्नहॅम अलास्कात सोनं शोधत होता. जानेवारी 1900 मध्ये ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सचं बोलावणं तिथल्या स्कॅग्वे गावी पोचलं आणि तो लगोलग निघाला. ब्रिटिश फौजेने एका अमेरिकनाला टेहळ्यांचा प्रमुख नेमलं.

31 मार्च 1900 ची पहाट. ब्लूमफाँटेनजवळ सॅनाज पोस्टला ब्रिटिश काफिला कॉर्न स्प्रुट नावाच्या ओढ्याकडे उतरत होता, आणि त्या ओढ्याच्या खोल पात्रात बोअर सेनानी डी वेटची माणसं दबा धरून बसलेली. उजाडताना बर्नहॅमला ती दिसली. तो उघड्यावर उभा राहिला आणि लाल रुमाल हलवत राहिला. बोअरांना तो दिसला, ब्रिटिशांना नाही, किंवा दिसूनही उमगला नाही. छकडे एकेक करून ओढ्यात उतरले आणि एकेक करून आवाजाविना ताब्यात घेतले गेले. 7 तोफा गेल्या, शेकडो माणसं कैद झाली. का फसलं? रुमालाचा अर्थ आधी ठरलेला नव्हता. काफिल्यापुढे चालायला हवी ती स्वारांची आघाडी धड नव्हती. मागून तोफा डागल्या जात होत्या म्हणून सगळ्यांची नजर मागे होती. खबर अचूक होती, वेळेवर होती, पण ती ऐकून घेणारं समोर कुणी नव्हतं. टेहळणीतलं सर्वात मोठं अपयश हेच, आणि त्याचा दोष टेहळ्यावर येत नाही.

स्वतः बर्नहॅम पकडला गेला. त्याने गुडघा दुखावल्याचं सोंग घेतलं, विव्हळत लंगडत राहिला, तेव्हा त्याला खऱ्या जखमींच्या गाडीत टाकलं. तिथे पहारा ढिला. रात्री चालत्या गाडीतून तो गाडीवानाच्या बैठकीवरून दांडीवर सरकला, बैलांच्या पायांमध्ये उतरला, आडवा पडला आणि चाकांच्या मधून गाडी अंगावरून पुढे जाऊ दिली. धुरळ्यात आणि अंधारात कुणाला कळलं नाही. मग जवळजवळ उपाशीपोटी चालत आपल्या फौजेत येऊन मिळाला. जूनमध्ये प्रिटोरियाहून डेलागोआ बेकडे जाणारी रेल्वे उडवायला एकटा गेला, घोड्याला गोळी लागली, घोडा अंगावर कोसळला. शुद्धीवर आल्यावर फाटल्या पोटाने सरपटत जाऊन त्याने रूळ दोन ठिकाणी उडवले आणि मग एका ओस कोंडवाड्यात दोन दिवस पडून राहिला. त्याबद्दल मेजरची बढती आणि राजा सातव्या एडवर्डच्या हातून डीएसओ पदक मिळालं.

यानंतरचं आयुष्य भराभर सांगून टाकतो. पूर्व आफ्रिकेत त्याच्या मोहिमेने मगाडी सरोवरातल्या सोड्याच्या प्रचंड साठ्याची पाहणी केली. ते सोड्याचं काम आज टाटा केमिकल्सकडे आहे. 1909 मध्ये एल पासोला अमेरिका आणि मेक्सिकोच्या अध्यक्षांची भेट होती, तेव्हा गर्दीत तळहातात पिस्तूल लपवलेला माणूस त्याने आणि एका टेक्सास रेंजरने हेरला. 1910 मध्ये लुइझियानातली जलपर्णी खायला आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत, या विधेयकाच्या बाजूने तो हिरिरीने बोलला. इंद्रायणी-पंचगंगेच्या काठच्या वाचकाला त्या कळकळीत काही खोटं वाटणार नाही. या कामात त्याचा साथीदार होता फ्रिट्झ डुकेन, ज्याला बोअर युद्धात बर्नहॅमला ठार मारण्याची कामगिरी दिली होती. पैसा शेवटी 1923 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या डोमिंगेझ टेकडीच्या तेलाने दिला.

म्हातारपणी त्याने एक काम केलं ते मला फार आवडतं. ॲरिझोनाच्या वाळवंटातली मोठ्या वळणदार शिंगांची डोंगरी मेंढी संपत चालली होती. 1936 पासून त्याने तिथल्या बालवीरांना हाताशी धरलं. पोरांनी शाळांतून भित्तिचित्रं केली, भाषणं दिली, रुमालावर मेंढीचं चिन्ह मिरवलं. 1939 मध्ये कोफा आणि काबेझा प्रिएटा ही दोन अभयारण्यं झाली, दोन्ही मिळून 15 लाख एकरांच्या वर. त्यांच्या समारंभात हा 77 वर्षांचा माणूस बोलायला उभा होता. 1 सप्टेंबर 1947 ला सांता बार्बराला तो वारला.

त्या मेंढीचा माग अवघड असतो. खूर दुभंगलेला, हरणासारखा, पण टोकाला बोथट आणि कडा सरळ. ती सहसा खडक सोडत नाही, म्हणून ठसा सापडतो तो फक्त दोन कड्यांमधला कोरडा ओहोळ ओलांडताना, चार-पाच पावलांचा. तिथे पाऊस क्वचित पडतो, त्यामुळे ती पावलं कित्येक दिवस टिकतात. वारा कड रोज थोडी-थोडी खाली पाडतो. सकाळी सूर्य समोर ठेवून ओहोळात खाली वाकलं, तर अजून दिसतात.